तुला कसं लग्न पायजे?

मंगल कार्यालयात नोकरी केली म्हटलं की लोक पहिल्यांदा जेवणाचं विचारतात. "रोज लग्नाचं जेवण! मजा हाय की तुमची." मजा कसली डोंबलाची? जन्मभर बुंदी आणि मठ्ठा बघून आता साधं पिठलं-भाकरी दिसली की मला बरं वाटतं. दुसरा प्रश्न असतो, पळून गेलेली नवरी कधी बघितली का? बघितली, एकच. तीही दुपारी परत आली, पर्स विसरली होती म्हणून. तिला आम्ही जेवायला वाढलं आणि मग ती पुन्हा गेली.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. इतकी वर्षं दुसऱ्यांची लग्नं बघताना मला काय वाटायचं? मला हेवा वाटायचा. सरळ सांगायचं तर मी जळायचे. नवरीच्या शालूवर नाही, दागिन्यांवर नाही, ते सगळं बघून बघून डोळे मेले होते. मी जळायचे ते लग्नाच्या कितीतरी आधी, माझ्या टेबलासमोर बसून पोरगा पोरीला जे विचारायचा त्यावर. "तुला कसं पाहिजे?" एवढंच विचारायचा. पण माझ्या पोटात असं दुखायचं की समोरचा चहा गार व्हायचा.

माझं काम बुकिंगचं. आमचं कार्यालय कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्याला, दोन मजली, खाली जेवण आणि वर हॉल. तारीख द्यायची, हॉल दाखवायचा, आचारी कुठला, मांडववाला कुठला, हळदीला पाणी किती लागणार, रुखवत कुठं मांडायचं, सगळं सांगायचं. आमच्याकडं लग्नाला कुणी लग्न म्हणत नाही, अक्षता म्हणतात. "अक्षता किती वाजता?" एवढं विचारलं की झालं. माणूस अक्षतेला येतो, मूठभर तांदूळ स्टेजच्या दिशेनं फेकतो, त्यातले निम्मे पुढच्याच्या टकलावर पडतात, आणि तो पंगतीला पळतो.

मी कामाला लागले तेव्हा टेबलाशी फक्त म्हातारी माणसं यायची. मुलीचा बाप, मुलाचा चुलता, कधी दोन्हीकडचे मामा. ज्यांचं लग्न ती दोघं मला थेट हळदीच्या दिवशी दिसायची. मग काळ बदलला आणि पोरं-पोरी स्वतः यायला लागल्या, जोडीनं, एका गाडीवरनं. हॉल बघून झाला की विचारायच्या, "मावशी, लग्न कुठल्या कुठल्या पद्धतीनं करता येतं?" कार्यालयाचे शेठ म्हणायचे, सांग त्यांना, तुझ्याइतकी लग्नं कुणी बघितल्यात?

मग मी सांगायचे. भटजींचं लग्न म्हणजे अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान, होम, सप्तपदी. वेळ लागतो, धूर होतो, आणि होमाच्या वेळी पंखा कुणी बंद करायचा यावरून एक भांडण ठरलेलं. सत्यशोधक लग्न आपल्या भागात जुनं आहे. त्याला भटजी लागत नाही, घरातलं कुणीही जाणतं माणूस लग्न लावतं, आणि नवरा-नवरी एकमेकांना मोठ्यानं शब्द देतात. बौद्ध पद्धतीत पांढरे कपडे, वंदना, त्रिशरण-पंचशील, आणि तांदळाऐवजी फुलं. शांतपणे आणि वेळेवर होतं, आचारी खूश असतो. नोंदणीचं असेल तर आधी नोटीस, महिनाभर थांबायचं, मग साहेबांपुढं तीन साक्षीदार आणि सह्या.

हे सगळं ऐकून ती दोघं एकमेकांकडं बघायची. मी खिडकीकडं बघायचे.

नोंदणीवाल्यांची एक गंमत सांगते. एका डॉक्टर जोडप्यानं ठरवलं, विधी काही नको, साहेबांनाच कार्यालयात बोलवायचं, स्टेजवर टेबल टाकायचं आणि सह्या करायच्या. दोघांनी किती हौसेनं ठरवलं होतं! तो म्हणायचा, "तुझी सही आधी." ती म्हणायची, "नाही, तुझी." मला वाटलं टेबलावरचा पेपरवेट घालावा दोघांच्या डोक्यात. लग्नाच्या दिवशी सह्या झाल्या, साहेब हात मिळवून खाली उतरले, आणि हॉलमधलं एक माणूस हललं नाही. बँडवाला 'सावधान'ची वाट बघत पिपाणी ओठाला लावून उभा. म्हाताऱ्या बायका तांदूळ मुठीत धरून घामानं भिजवत बसलेल्या. एक आजी मला विचारते, "लगीन लागलं व्हय? कवा?" जेवायला कुणी उठेना, खालून आचारी शिव्या देत वर आला. शेवटी मुलाचा काका खुर्चीवर चढला आणि ओरडला, "झालं लगीन! चला जेवायला!" त्याबरोबर बँड वाजला आणि सगळ्यांनी अक्षता त्या काकावरच टाकल्या. लग्न लागलं हे आपल्या माणसांना कानानं आणि हातानं कळावं लागतं. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नाही.

दुसरं एक जोडपं कुणाला न सांगता पहाटे जोतिबाला जाऊन लग्न करून आलं आणि आमच्याकडं फक्त रिसेप्शन ठेवलं. आले ते नखशिखांत गुलालात. शेठनी नुकतेच पांढरे सोफे घेतले होते. शेठ ओरडत होते, आणि ती दोघं सोफ्यावर बसून हसत होती, एकमेकांच्या भुवयांवरचा गुलाल पुसत. तो सोफा पुढं कायम गुलाबीच राहिला. मी त्याच्यावर कधी बसले नाही.

एवढं जळण्यासारखं काय होतं, असं वाचणाऱ्यांना वाटेल. तर माझं लग्न कसं झालं ते सांगते, म्हणजे कळेल.

आम्ही दोघी बहिणी. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि धाकटा भाऊ. आक्का नवी साडी नेसून पोहे घेऊन गेली. मी मागच्या परड्यात पोह्यांची कढई घासत होते. आत आक्काचं ठरलं. उठता उठता मुलाचे वडील म्हणाले, "तुमची बी धाकटी हाय, आमचा बी धाकटा हाय. एका मांडवात हून जाऊ दे की." माझे वडील म्हणाले, "हुं दे." मी हात पुसत आत आले तेव्हा आई मला साखर भरवायला लागली. मला वाटलं आक्काचं ठरलं म्हणून भरवतेय. माझंही ठरलंय हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं.

सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या, सगळ्यांना कोण कौतुक! एकच मांडव, एकच भटजी, एकच मुहूर्त. साड्याही सारख्याच. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. आम्हाला मामा एकच, तो आक्काच्या मागं उभा राहिला. माझ्या मागं गल्लीतले किराणा दुकानवाले उभे केले. भले माणूस होते बिचारे, पण त्यांचं सगळं लक्ष आपल्या चपलांकडं. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मधोमध आक्का आहे आणि कडेला मी, काहींत अर्धीच. आक्काचं लग्न झालं आणि त्यात माझं उरकलं. नवरा चांगला मिळाला, उद्यमनगरात लेथवर होता, दारू नाही, तंबाखूसुद्धा नाही, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कसं लग्न पाहिजे हे राहू दे, लग्न पाहिजे का, एवढंसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं.

आता ऋतुजाबद्दल सांगते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली ही गोष्ट, आणि हिच्याइतकं मी कुणावर जळले नाही.

ऋतुजा कागलची, घरची ऊसशेती, मराठा पाटलांची एकुलती एक. कोल्हापुरात कॉलेजवर शिकवायची. मुलगा प्रज्योत कुरुंदवाडचा, बौद्ध घरातला, इंजिनियर. वडील लहानपणीच गेलेले, आई सुमनताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यांनी एकटीनं वाढवलेला. दोन्ही घरांनी, कुरकुरत का होईना, लग्नाला होकार दिला होता. अडलं होतं ते पद्धतीवर.

पहिल्यांदा दोघंच आले. मी माझं सगळं पुराण सांगितलं. प्रज्योत वहीबिही काही काढून बसला नाही, नुसता तिच्याकडं बघत होता. म्हणाला, "सप्तपदी पाहिजे का तुला?"

ती म्हणाली, "मला चालायला आवडतं रे. पण तुझ्या मागं मागं नाही. शेजारी चालू."

"आणि मंगळसूत्र?"

"ते पाहिजे. ते मला छान दिसतं. तुझी आई काय म्हणेल?"

"विचारू की तिला."

बघा! प्रत्येक गोष्ट तिला विचारून. पाणी आणून देताना मी पेला जरा जोरातच आपटला. तिला वाटलं मावशींचा हात दुखतोय, तर पोरगी मला कुठलं तरी मलम सांगायला लागली.

पुढच्या खेपेला घरची माणसं आली. ऋतुजाचे वडील, आण्णा, म्हणजे भरभक्कम माणूस, आवाज असा की खाली आचाऱ्याला वाटलं भांडण लागलं. सुमनताई बारीक, पांढरं सुती लुगडं, बोलणं हळू. पण हळू बोलणारी माणसं मागं हटत नाहीत, हे टेबलामागं बसून मला चांगलं ठाऊक झालं होतं.

आण्णा म्हणाले, "हे बघा बाई, मला जात-बीत काय न्हाई. पोरगं चांगलं हाय, पसंत हाय. पर अक्षता पडल्याबिगर लगीन लागलं असं मी मानत न्हाई. माझी एकच पोरगी हाय. सगळं गाव येनार, त्यांच्या हातात मी काय दिऊ?"

सुमनताई म्हणाल्या, "फुलं द्या. आमच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवापासनं आमच्यात अक्षता न्हाईत, भटजी न्हाई. मी एकटीनं पोरगं वाढवलं, एक दिवस वंदना चुकू दिली न्हाई. आता त्याच्याच लग्नात ते सोडू व्हय?"

"मग मी येत न्हाई लग्नाला."

"तुमची मर्जी."

 आण्णा बोलले म्हणजे बोलले, हे ऋतुजाला माहीत होतं. बापाशिवाय ती उभी राहिली नसती, आणि आईच्या मनाविरुद्ध तो उभा राहिला नसता. लग्न मोडण्याच्या काठावर आलेलं मी पुष्कळदा बघितलंय, तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज एकदम मोठा होतो.

अशा वेळी माझ्याकडं एक हमखास तोडगा असायचा, आणि त्याचा मला अभिमानही होता. मी म्हटलं, "पावणं, एवढं काय अवघड हाय? सकाळी एक, संध्याकाळी एक. सकाळी वंदना, पांढरे कपडे, फुलं. दुपारी जेवण. संध्याकाळी गोरज मुहूर्त, अंतरपाट, अक्षता. हॉल तोच, भाडं तेच." दोन भाषांची, दोन प्रांतांची, दोन धर्मांची किती लग्नं मी अशी पार पाडली होती.

आण्णांनी सुमनताईंकडं बघितलं, सुमनताईंनी आण्णांकडं. "चालंल," आण्णा म्हणाले. "चालंल," सुमनताई म्हणाल्या. मी कॅलेंडर पुढं ओढलं.

तर ऋतुजा म्हणते, "नको."

"काय नको?"

"दोन लग्नं नकोत. सकाळी त्यांच्या लोकांसमोर आणि संध्याकाळी आपल्या लोकांसमोर? म्हणजे अर्ध्या लोकांच्या दृष्टीनं माझं एक लग्न खोटंच ना? एकच करायचं. सगळ्यांनी एकत्र बसून बघायचं."

मी प्रज्योतकडं बघितलं, म्हटलं हा तरी शहाणा असेल. तो म्हणाला, "माझंही तेच आहे."

माझं डोकंच फिरलं. मला एक लग्न धड मिळालं नाही, अर्धंच मिळालं, तेही बहिणीच्या मांडवातलं. आणि ही बया, हिला पुरती दोन मिळत होती, ती नको म्हणत होती! त्या रात्री जेवताना मी मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बघा तुम्ही, मोडणार हे. फार लाडावलेत." ते म्हणाले, "तुला काय करायचंय? आमटी वाढ."

मोडतच आलं होतं. आण्णांनी पोरीशी बोलणं टाकलं. ऋतुजा एकदा एकटीच आली, तारीख धरून ठेवा म्हणाली. डोळे सुजलेले. "मावशी, आण्णा जेवायलासुद्धा माझ्यासोबत बसत नाहीत." मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगते, त्यातही हेवाच होता. माझ्या बापानं माझ्यावर असं रुसायला मी आधी काही मागायला तर हवं होतं! मी तिला माझ्या लग्नाची हकीकत सांगायला घेतली, आक्का, मामा, किराणावाले. ती हं हं करत होती, पण डोळा सगळा फोनवर. प्रज्योतचा निरोप यायचा होता. तो कागलला गेला होता, आण्णांना भेटायला, एकटाच.

तिथं काय झालं ते मला नंतर आण्णांनीच सांगितलं. पोरगा गोठ्यापाशी जाऊन उभा राहिला. आण्णा धार काढत होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यानं चरवी धरली. धार काढून झाली. मग प्रज्योत म्हणाला, "आण्णा, भटजी नको, भंतेजी पण नकोत. आमचं लग्न तुम्ही लावा. तुम्ही आणि माझी आई, दोघांनी मिळून."

आण्णा म्हणाले, "मी? मला काय येतंय? आन अक्षता?"

"ते तुम्ही दोघांनी ठरवा. तुम्ही दोघं जे ठरवाल त्याला आम्ही उभं राहू. फक्त एकदाच, एकाच मांडवात."

आता आली का पंचाईत? न येणारा माणूसच लग्न लावणारा झाला. तो न येऊन सांगतो कुणाला?

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर आण्णा आणि सुमनताई शेजारी शेजारी येऊन बसले. एरवी जिथं पोरं बसायची त्या खुर्च्यांवर. आणि मी ऐकते तर काय, आण्णा, तो तोफेसारखा माणूस, खालच्या आवाजात विचारत होता, "ताई, तुमाला कसं पायजे?"

मी मनात म्हटलं, घ्या! आता म्हाताऱ्यांवरपण जळायची वेळ आली.

दुपारभर त्यांचं चाललं होतं. सुमनताई म्हणाल्या, "सुरुवात वंदनेनं. मी म्हणणार."

"म्हणा. मी हात जोडून उभा ऱ्हातो. पर सावधान मी म्हणनार."

"म्हणा की. सावध राहा म्हणण्यात वाईट काय हाय?"

"आन अक्षता?"

सुमनताईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "पाटील, मी दवाखान्यात बाळंतपणं केली. भाताचा दाणा मिळंना म्हणून रडणाऱ्या बाया बघितल्या. तांदूळ पायाखाली आलेला मला बघवत न्हाई. ह्यात धर्माचं काय न्हाई, असं समजा."

आण्णांनी मिशीवरनं हात फिरवला. "शेतकरी हाय मी बी," म्हणाले. "हुं दे. फुलं. पर भरपूर. मूठ भरली पायजे माणसाची, न्हाईतर त्याला वाटायचं न्हाई अक्षतेला आलो म्हणून."

मग सुमनताईंनी आपली शेवटची गोष्ट काढली. "सत्यशोधकात नवरा-नवरी शब्द देतात, तसं दोघांना स्टेजवर विचारायचं. मी ऋतुजाला विचारीन, तुम्ही प्रज्योतला विचारा. हे लग्न तुझ्या मनानं हाय का म्हणून."

"ते काय चारचौघांत इचारायचं असतंय व्हय?" आण्णा म्हणाले. "ठरलंय म्हंजे मनानंच हाय की."

"तरी विचारायचं."

"बरं. इचारू."

अक्षतेच्या दिवशी हॉल तुडुंब. कागलचे फेटे एका बाजूला आणि कुरुंदवाडच्या पांढऱ्या साड्या दुसऱ्या बाजूला, असंच बसले होते सुरुवातीला. मग खुर्च्या कमी पडल्या आणि मिसळले. दारात आम्ही झेंडूच्या पाकळ्यांच्या बुट्ट्या ठेवल्या होत्या. आमचे मालकही आले होते जेवायला, मागच्या रांगेत बसले.

सुमनताईंनी वंदना म्हटली. आवाज बारीक, पण स्वच्छ. आण्णा हात जोडून, डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी माईक घेतला. ठरल्याप्रमाणे त्यांनी प्रज्योतला विचारायचं होतं. पण तोंड उघडलं आणि सगळं विसरले. पोरीकडं बघत राहिले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आणि मग आण्णा म्हणाले,

"ऋतू. पोरी. तुला ह्यो पायजे न्हवं? न्हाई म्हण, आत्ता गाडीत घालून घरला न्हेतो. लोकांचं आन जेवणाचं मी बघतो. मागनं मला म्हणायचं न्हाई, आण्णांनी इचारलं न्हाई म्हणून."

लोक हसले. प्रज्योतही हसला. ऋतुजाला हसू येईना. "पायजे, आण्णा."

"मोठ्यानं."

"पायजे!"

"मग सावधान!" आण्णा ओरडले, माईकची गरज नव्हती. बँड वाजला आणि झेंडूच्या पाकळ्यांनी स्टेज दिसेनासं झालं. कुणाला विचारावं लागलं नाही, लगीन लागलं का म्हणून.

मी जिन्यापाशी उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आचारी म्हणाला, "मावशी, बाया लग्नात रडत्यातच." मी म्हटलं, "गप बस." मला आनंदानं रडू आलं असं लिहिलं तर या लेखाला शोभेल, पण ते खोटं होईल. मी हेव्यानं रडत होते. रागानं रडत होते. न्हाई म्हण, घरला न्हेतो! एवढ्या वर्षांत हजारो अक्षता बघितल्या, पण बापाला पोरीशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आवरून मालकांच्या स्कूटरवर बसले. रंकाळ्यापाशी त्यांनी गाडी थांबवली. दोघं कट्ट्यावर बसलो. ते म्हणाले, "भारी इचारलं पाटलांनी."

मी म्हटलं, "व्हय. नशीबवान पोरगी. आपल्याला कोण विचारतंय? तुम्हाला नाही, मला नाही. दोघांना धरून उभं केलं आणि टाकल्या अक्षता."

ते पाण्याकडं बघत होते. सहज म्हणाले, "मला इचारलेलं की."

"काय?"

"बाबांनी. तुमच्या घरात, पोहे खाताना. कानाशी लागून म्हणाले, धाकटी चालंल का? मागच्या दारातनं तू परड्यात पाठमोरी दिसत हुतीस, कढई घासत. मी बघितलं आन म्हटलं, चालंल."

 सगळा संसार झाला, पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली. इतकी वर्षं मी या माणसाला माझ्याच पंक्तीत धरून चालले होते. मी परक्या पोरींवर जळत बसले, आणि ज्याला विचारलं गेलं होतं तो मला रोज संध्याकाळी न्यायला येत होता.

"म्हणजे तुम्हाला विचारलं होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"आणि तुम्ही चालंल म्हणालात. पाठमोरी बघून."

"मग काय म्हणायचं हुतं? चाललं की." ते हसले. मी हसले नाही, हे बघून त्यांचं हसू हळूहळू गेलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन तुला इचारलं असतं तर? तू काय म्हणाली असतीस?"

मी त्यांच्याकडं नीट बघितलं. कानावरचे केस पांढरे झालेत, लेथवर गेलेलं बोटाचं टोक, शर्टावर मठ्ठ्याचा डाग. तोंडात उत्तर आलं होतं, पण मी ते गिळलं. म्हटलं, "विचार करून सांगते."

त्याला वर्ष झालं. मी नोकरी सोडली, घरीच असते. रोज सकाळी मी चहाचा कप हातात देते तेव्हा ते माझ्या तोंडाकडं बघतात, आज सांगतेय का म्हणून. मी साखर कमी झाली का एवढंच विचारते. बघू देत आणखी थोडे दिवस.